विहीर की पाट? हलक्या लिनक्सची गोष्ट

मंडळी, लिनक्सवर काही लिहायला घेतलं की दोन प्रकारचे वाचक लगेच पळतात. एक म्हणजे ज्यांना लिनक्स म्हटलं की काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं आठवतात. आणि दुसरे म्हणजे ज्यांनी सोमवार ते शुक्रवार तेच केलेलं असतं, त्यामुळे शनिवारी सकाळी पोह्यांबरोबर परत तेच नको असतं. दोघांनाही विनंती, थांबा जरा. आज एकही कमांड लिहिणार नाहीये. आजची गोष्ट एका कल्पनेची आहे. ही कल्पना गेल्या तीस वर्षांत चार-पाच वेळा मेली, दर वेळी नवीन नाव घेऊन परत आली, आणि शेवटी जिथे कोणी बघत नव्हतं तिथे, म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांत, मागच्या दाराने शिरली.

कल्पना साधी आहे. घरातल्या कॉम्प्युटरमध्ये फारसं काही असूच नये. एक छोटंसं लिनक्स, एक ब्राउजर, बास. पत्र लिहायचंय? वेबवर. हिशेब करायचाय? वेबवर. फोटो, गाणी, मेल? सगळं वेबवर. मशीन स्वस्तातलं, जुनं, दुबळं असलं तरी चालेल, कारण खरं काम दुसरीकडे कुठेतरी होणार आहे.

आमच्या आत्याचं घर भोर तालुक्यात उत्रोलीला आहे. त्या बाजूच्या माणसाला ही कल्पना समजवायला 'क्लाउड' वगैरे शब्द लागत नाहीत. विहीर आणि पाट एवढंच म्हटलं की पुरतं. विहीर आपली. मोटर आपली, पाइप आपला, गाळ काढायचा खर्चही आपलाच. पण पाणी कधी घ्यायचं ते आपण ठरवणार. पाटाच्या पाण्याला यातलं काहीच करावं लागत नाही. पाणी आपोआप शेताच्या बांधापर्यंत येतं. फक्त ते पाळीने येतं आणि दरवाजे दुसऱ्याच्या हातात असतात. भाटघरचं धरण याच तालुक्यात येळवंडी नदीवर आहे. आत्ताचं धरण १९२८ सालचं, तेव्हा त्याला लॉइड धरण म्हणायचे. पाणी साठतं भोरच्या डोंगरांत आणि नीरेच्या कालव्यांमधून भिजतात पार खालचे बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस. पाणी कुठे साठतं, दरवाजा कोण उघडतं आणि शेत कोणाचं भिजतं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत हे तिकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. आपल्याला, म्हणजे दिवसभर सर्व्हर सांभाळणाऱ्या आयटीवाल्यांना, ते कळायला जरा वेळ लागला असं मला वाटतं.

असो. गोष्ट सुरुवातीपासून सांगतो.

पहिला प्रयत्न : नेटवर्क कॉम्प्युटर

१९९५ साली ऑरेकलच्या लॅरी एलिसनने जाहीर केलं की पीसी हे एक हास्यास्पद यंत्र आहे आणि त्याच्या जागी 'नेटवर्क कॉम्प्युटर' येणार. त्यात हार्डडिस्क नको, विंडोज नको, किंमत साधारण ५०० डॉलर. १९९६ मध्ये ऑरेकल, सन, आयबीएम, अ‍ॅपल आणि नेटस्केप अशा पाच बड्या कंपन्यांनी मिळून त्याचा आराखडाही काढला. सनने जावास्टेशन नावाचं मशीन आणलं. सगळ्यांचा एक समान शत्रू होता (कोण ते सांगायला नकोच!).

हे सगळं आपटलं. कारण उघड होतं. पाट खणला होता, धरणच बांधलं नव्हतं. भारतात विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही मोजक्या मोठ्या शहरांत आणि टेलिफोनच्या तारेवरून. त्या वेगात एक चित्र उमटायला चहा पिऊन व्हायचा. अमेरिकेतही घरोघरी फार वेगळी परिस्थिती नव्हती. त्यात साध्या पीसीच्याच किमती उतरल्या, मग ५०० डॉलरचं लंगडं यंत्र कोण घेणार?

पण एक नाव लक्षात ठेवा. त्या काळात सनचा मुख्य तंत्रज्ञान अधिकारी होता एरिक श्मिट. हे गृहस्थ पुढे परत येणार आहेत.

मधली तयारी

२००४ च्या १ एप्रिलला जीमेल आलं. एक जीबी जागा म्हटल्यावर अर्ध्या जगाला ते एप्रिल फूल वाटलं. पण जागेपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी होती. पान सारखं सारखं नव्याने न उघडता आतल्या आत बदलत होतं. या युक्तीला फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेटने 'एजॅक्स' हे नाव दिलं. २००६ मध्ये गूगलने राइटली नावाचा वेबवरचा वर्ड प्रोसेसर विकत घेतला आणि त्याच वर्षी गूगल डॉक्स अँड स्प्रेडशीट्स आलं. म्हणजे आता पत्र आणि हिशेब दोन्ही ब्राउजरमध्ये!

आपल्या मराठी मंडळींना तर ब्राउजरची महती त्याआधीच कळलेली होती. आठवतं का? ऑफिसच्या किंवा सायबर कॅफेच्या मशीनवर फॉन्ट बसवायची परवानगी नाही, कीबोर्ड बदलायची सोय नाही, आणि तरीही आपण संकेतस्थळांवर मराठीत भांडत होतो. कसे? तर 'गमभन'सारख्या जावास्क्रिप्टच्या सोयीमुळे. रोमन कळा दाबायच्या आणि खिडकीत देवनागरी उमटायचं. मशीनवर काहीही न बसवता मराठी लिहिता येणं हे वेब अ‍ॅप्लिकेशनच होतं. त्याला तसं म्हणायचं हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं इतकंच.

लिनक्सच्या बाजूनेही पुण्यात एक मोलाची गोष्ट घडली होती. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले. ते फॉन्ट मुळात तयार केलेले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने. फॉन्ट ही दिसायला क्षुल्लक गोष्ट. पण तो नसेल तर मराठी पान म्हणजे नुसते चौकोन. शिवाय हिंदीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये आपला 'ल' आणि 'श' परका दिसतो, आणि 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यातला अर्धा र तर हमखास बिघडायचा. या बारीकसारीक गोष्टी कोणीतरी बसून नीट केल्या म्हणून आज कुठलंही लिनक्स टाकलं तरी मराठी वाचता येतं.

२००७ : एका मोसमात दोन मशीन

ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या असुसने ईईई पीसी ७०१ बाजारात आणला. सात इंची पडदा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबीची साठवण आणि झँड्रॉस लिनक्स. (५१२ आणि ४ हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.) त्याच्या पडद्यावर मोठ्ठाली चित्रं होती आणि त्यातली बरीचशी सरळ वेबवरच्या पानांकडे नेत होती.

लगेच पुढच्या महिन्यात अमेरिकेत वॉलमार्टच्या दुकानांत एव्हरेक्सचा 'जीपीसी' आला. किंमत २०० डॉलरच्या आत. प्रोसेसर व्हियाचा दुबळा सी ७, रॅम परत ५१२ एमबी. आत होतं 'जीओएस'. ते उबुंटू ७.१० वर बेतलेलं होतं, पण उबुंटूचा जड डेस्कटॉप काढून एनलायटनमेंट हा हलका डेस्कटॉप बसवला होता. खाली ओळीने चित्रं : जीमेल, नकाशे, यूट्यूब, विकिपीडिया, फेसबुक. लोकांना वाटलं जी म्हणजे गूगल. प्रत्यक्षात गूगलचा त्याच्याशी काही संबंध नव्हता! डेव्हिड लिऊ नावाच्या तरुणाच्या छोट्या कंपनीचा तो उद्योग होता.

मशीन खपलं, बोलबाला झाला, आणि मार्च २००८ मध्ये वॉलमार्टने ते दुकानांतून काढून फक्त ऑनलाइन विकायचं ठरवलं. नेटबुकांचं काय झालं तेही आपण पाहिलंच. मायक्रोसॉफ्टने म्हातारा विंडोज एक्सपी नेटबुकांसाठी २०१० पर्यंत चालू ठेवला, आणि बघता बघता दुकानातली जवळपास सगळी नेटबुकं विंडोजवाली झाली. लोकांना वेब हवं होतं, पण 'माझा नेहमीचा प्रोग्रॅम चालेल ना?' या प्रश्नाला 'नाही' हे उत्तर नको होतं. आपल्याकडे तर विचारूच नका. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि तालुक्यातालुक्यात एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले. महाराष्ट्राच्या एका अख्ख्या पिढीला कॉम्प्युटर तिथे भेटला. यातलं एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट, पण शिकणाऱ्याच्या मनात कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि एक्सेल हेच समीकरण पक्कं बसलं. आणि सरकारी नि बँकांच्या कितीतरी साइट्स त्या काळात फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्येच धड चालायच्या. म्हणजे वेब अ‍ॅप आहे, पण त्यासाठी विंडोज पाहिजेच. घ्या!

पेपरमिंट आणि मंडळी

आता आपल्या मुख्य पात्राकडे येऊ. मोझिलाने २००७ मध्ये 'प्रिझम' नावाचा प्रयोग केला होता. कल्पना अशी की एखादी साइट ब्राउजरच्या टॅबमधून बाहेर काढायची आणि तिला स्वतःची खिडकी, स्वतःचं चित्र, मेनूमध्ये स्वतःची जागा द्यायची. पत्त्याची पट्टी नाही, मागे-पुढेची बटणं नाहीत. बघणाऱ्याला वाटावं की हा मशीनवरचाच एक प्रोग्रॅम आहे. सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आलं, त्यातही ही सोय होती.

मे २०१० मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल गावातल्या दोघा-तिघांनी ही कल्पना घेऊन 'पेपरमिंट' नावाचं लिनक्स काढलं. पाया लुबुंटूचा. वर एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप, जो २००६ मध्ये तैवानच्या हाँग जेन यी याने सुरू केला होता. आणि वेब अ‍ॅप्ससाठी प्रिझम. दोनच महिन्यांनी त्यांनी 'पेपरमिंट आइस' काढलं, त्यात प्रिझमच्या जागी क्रोमियम आणि स्वतः लिहिलेलं 'आइस' नावाचं छोटं साधन. आइसला साइटचा पत्ता द्यायचा, नाव द्यायचं, चित्र निवडायचं. झालं तुमचं अ‍ॅप तयार.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे यांनी कट्टरपणा केला नाही. वेबवालं चित्र आणि मशीनवरचा प्रोग्रॅम मेनूमध्ये शेजारी शेजारी. ज्याला जे पाहिजे ते. म्हणजे शेतात विहीरही ठेवा आणि पाटाचं पाणीही घ्या. फ्रान्सच्या तारिक क्रिमने काढलेलं जोलीक्लाउड आणि गूगलचं क्रोमओएस ही त्याच काळातली भावंडं. पण ती पाटावरच भर देणारी. क्रोमओएस जाहीर झालं जुलै २००९ मध्ये, आणि तेव्हा गूगलचा मुख्य अधिकारी कोण? एरिक श्मिट! सनमध्ये असताना जे स्वप्न आपटलं होतं ते तेरा वर्षांनी वेगळ्या कंपनीत पुन्हा उभं राहिलं. जून २०११ मध्ये पहिली क्रोमबुकं विकायला आली.

पुढचा हिशेब असा. प्रिझम २०११ मध्ये बंद. जोलीक्लाउड २०१६ मध्ये बंद. क्रोमओएस टिकलं, अमेरिकेतल्या शाळांत तर जोरात. आणि पेपरमिंट? ते धडपडत, पण जिवंत आहे. जानेवारी २०२० मध्ये त्याचा तेव्हाचा प्रमुख मार्क ग्रीव्ह्ज वारला, तेव्हा सगळ्यांना वाटलं संपलं. पण उरलेल्या मंडळींनी फेब्रुवारी २०२२ मध्ये ते उबुंटूवरून उचलून डेबियनवर आणलं. एलएक्सडीई जाऊन एक्सएफसीई आलं, आइसच्या जागी 'कुमो' आलं. मूळ आइसची कल्पना मधल्या काळात लिनक्स मिंटनेही उचलली होती, त्यांचा 'वेबअ‍ॅप मॅनेजर' २०२० मध्ये पेपरमिंटवाल्यांच्याच सोबतीने तयार झाला. आणि गंमत बघा, ब्राउजरभोवती बांधलेलं हे लिनक्स आता ब्राउजरशिवायच येतं! पहिल्यांदा सुरू केलं की विचारतं, बाबा, तुला कुठला पाहिजे?

वारणेचा धडा

इथे जरा कोल्हापूरकडे जाऊन येऊ. १९९८ मध्ये वारणानगरच्या साखर कारखान्याभोवतीच्या कोल्हापूर-सांगलीतल्या ७० गावांत 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र, राज्य आणि सहकारी संस्था तिघांचे पैसे. गावोगावी कॉम्प्युटर केंद्रं. स्वप्न मोठं होतं : बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी कागद, सगळं गावात.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या लोकांनी तिथे जाऊन पाहिलं. शेतकरी केंद्रावर येत होते ते मुख्यतः उसाच्या कामासाठी. किती टन गेला, पैसे किती निघाले, खत किती घेतलं. एवढ्यासाठी अख्खा पीसी कशाला? म्हणून त्यांनी सात गावांत पीसीच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि तीच माहिती एसएमएसवर द्यायला सुरुवात केली. आठ महिने ते चाललं, आणि लोकांना ते आवडलंही.

मला या प्रयोगाचं फार अप्रूप वाटतं. गावातला कॉम्प्युटर हा नुसता एक झरोका होता, माहिती कारखान्यातच होती. झरोका लहान केला तरी काही बिघडलं नाही. हलक्या लिनक्सचं तत्त्व याहून वेगळं काय आहे? फक्त इथे लिनक्सचीही गरज पडली नाही.

मागचं दार

पुढे दोन गोष्टी जवळजवळ बरोबरीने झाल्या.

एक म्हणजे सरकारच वेब अ‍ॅप झालं. २०११ पासून 'संग्राम' योजनेत राज्यातल्या सुमारे २८,००० ग्रामपंचायतींत कॉम्प्युटर आणि तो चालवणारा माणूस आला. ग्रामपंचायतीचा जमाखर्च, आराखडा, सगळं केंद्राच्या वेबवरच्या प्रणालींत भरायचं. नंतर त्याची जागा आपले सरकार सेवा केंद्रांनी घेतली. सातबारा आधीच महाभूलेखवर दिसायला लागला होता, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. तलाठ्याच्या दप्तरातला कागद ब्राउजरमध्ये आला. आता ग्रामपंचायतीतल्या त्या मशीनवर विंडोज असो की आणखी काही, काम चालतं ते ब्राउजरमध्येच. एलिसनचा नेटवर्क कॉम्प्युटर प्रत्यक्षात आला, पण कोणी तो विकत घेतला म्हणून नाही. काम तिकडे गेलं म्हणून.

दुसरी गोष्ट आणखी मजेची. मोझिलाने जुलै २०११ मध्ये 'बूट टू गेको' नावाचा प्रकल्प काढला. लिनक्सचं कर्नल, त्यावर फायरफॉक्सचं इंजिन, आणि बाकी सगळी अ‍ॅप्स म्हणजे वेबची पानं. म्हणजे पेपरमिंटच्या मूळ कल्पनेचा खिशात मावणारा अवतार. यालाच पुढे फायरफॉक्स ओएस म्हणू लागले. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतात इंटेक्सने त्यावरचा फोन १,९९९ रुपयांना आणला. चालला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनचा नाद सोडला.

पण कोड खुला होता ना! तो घेऊन दुसऱ्या लोकांनी कायओएस केलं, आणि २१ जुलै २०१७ ला मुंबईत रिलायन्सच्या वार्षिक सभेत मुकेश अंबानींनी ज्या जिओफोनची घोषणा केली त्यात हेच कायओएस होतं. १,५०० रुपये परत मिळण्याच्या बोलीवर अनामत, २.४ इंची पडदा, बटणांचा कीपॅड, मराठीसकट बावीस भारतीय भाषा. आणि आत काय? ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण.

आकडे आठवले? असुसच्या ईईई पीसीत नेमके हेच होते. दहा वर्षांपूर्वी ज्या आकाराच्या मशीनवर हलकं लिनक्स आणि वेब अ‍ॅप्स बसवायची धडपड चालली होती, तोच आकार ऊसतोडीच्या टोळीत, एसटीत, भाजीच्या टोपलीशेजारी जाऊन बसला. वापरणाऱ्याला लिनक्स हा शब्द माहीत नव्हता, वेब अ‍ॅपही नव्हता. लिनक्स डेस्कटॉपचं वर्ष कधी येणार असं आपण एकमेकांना चिडवत बसलो, आणि ते बटणाच्या फोनात कधी येऊन गेलं कळलंही नाही.

सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आलं आणि फोनचं सोनं झालं. मग जून २०२४ मध्ये कायओएसवर नव्याने व्हॉट्सअ‍ॅप घेणं बंद झालं, आणि २०२५ च्या सुरुवातीला आहे तेही चालेनासं झालं. फोनची बॅटरी ठीक, बटणं ठीक, आवाज खणखणीत. फक्त ज्यासाठी तो घेतला होता ते गेलं. वरून दरवाजा बंद झाला.

उत्रोलीतला प्रयोग

हे सगळं डोक्यात घोळत असताना मी पेपरमिंट खरोखर चालवून पाहिलं. मशीन : आत्याकडे कपाटात पडलेलं २०१० चं नेटबुक. अ‍ॅटम एन ४५० प्रोसेसर, रॅम वाढवून २ जीबी केलेली. आत विंडोज ७ स्टार्टर होतं, ज्याच्यात साधं मागचं चित्रसुद्धा बदलता यायचं नाही! पेनड्राइव्हवरून पेपरमिंट टाकलं, ब्राउजर म्हणून फायरफॉक्स घेतला आणि कुमोने पाच-सहा अ‍ॅप्स केली : मेल, सातबारा, व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅप वेब, डॉक्युमेंट. मराठी टंकायची सोय लिनक्सच्या भांडारातून मशीनवरच बसवली.

डेस्कटॉप छान चपळ. फायली उघडणं, गाणी, पीडीएफ, लिबरऑफिसमधलं पत्र, कशातच तक्रार नाही. मेल बरं चालतं. वेबवरच्या डॉक्युमेंटमध्ये मात्र कळ दाबली की अक्षर विचार करून येतं. दोन खिडक्यांपर्यंत ठीक, तिसरी उघडली की मशीन धापा टाकायला लागतं. याचं कारण पेपरमिंटमध्ये नाही. डेस्कटॉप हलका करून वाचवलेली सगळी रॅम एक आधुनिक वेबपान एका घासात खाऊन टाकतं. २०१० मध्ये वेब अ‍ॅप हा हलका पर्याय होता. आज मशीनवरचा प्रोग्रॅम हलका आणि वेब अ‍ॅप जड, अशी उलटी गंगा झाली आहे.

दुपारी डोंगराआडून नेटवर्क गेलं. सहापैकी पाच चित्रं नुसती शोभेची झाली. काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे मोटर हाय, पण लाइट न्हाई." आत्येभावाने मात्र त्याच वेळात लिबरऑफिसमध्ये अर्ज लिहून पूर्ण केला, आणि आत्या हार्डडिस्कवरची भजनं ऐकत बसली. विहीर कामाला आली.

मग धडा काय?

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. तेव्हापासून कितीतरी चांगली मशीन घरोघरी कपाटात चालली आहेत. ती पेपरमिंटसारख्या लिनक्सने नक्की वाचवता येतील, असं मी प्रयोग करून सांगतो. ४ जीबी रॅम असेल तर वेब अ‍ॅप्सही सुखाने चालतात. पण देताना नुसती वेबची चित्रं लावून देऊ नका. लिबरऑफिस टाका, मराठी टंकलेखन मशीनवर बसवा, घरच्यांचे सातबारे, गुणपत्रिका, फोटो हार्डडिस्कवर आणि वर एका पेनड्राइव्हवर उतरवून द्या. पाटाच्या भरवशावर विहीर बुजवणारा शेतकरी तुम्ही पाहिलाय का कधी?

आणि दुसरं, हे आपल्या सगळ्यांसाठी. ही जड पानं लिहितं कोण? हिंजवडीत, खराडीत, मगरपट्ट्यात बसून आपणच लिहितो, सोळा-बत्तीस जीबीच्या लॅपटॉपवर आणि ऑफिसच्या वायफायवर. नेट नसताना पान चालावं म्हणून गूगलने २००७ मध्ये गिअर्स काढलं होतं, २०१५ पासून ब्राउजरांत सर्व्हिस वर्कर आहेत. सोय आहे, आपण वापरत नाही, कारण क्लायंटने मागितलेली नसते. अर्ज अर्धा भरल्यावर रेंज गेली तर भरलेलं जपून ठेवणारं पान लिहायला फार तर दोन दिवस जास्त लागतात. ज्याला सेवा केंद्रापर्यंत यायला दिवसाचा रोज बुडवावा लागतो, त्याच्यासाठी त्या दोन दिवसांची किंमत मोठी आहे.

म्हणून एक सुचवतो. टीममध्ये एक जुनं २ जीबीचं मशीन ठेवा, त्यावर असंच एखादं हलकं लिनक्स टाका, आणि रिलीजच्या आधी आपलं पान त्यावर उघडून बघा. मधेच वायफाय बंद करा. तेवढ्यात काय काय उरतं ते पाहा. जे उरेल तेवढंच उत्रोलीपर्यंत पोचणार आहे.